साखरेच्या किलोमागे चोवीस पैसे

ऊसतोड कामगार महिलांच्या रजेचा हिशेब

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. पहिल्या दोन अपत्यांसाठी एवढी भरपगारी प्रसूती रजा देशाच्या कायद्याने २०१७ पासून दिली आहे. त्यासाठी कामाच्या दिवसांची अट एकच आहे: अपेक्षित बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी बाई एका हंगामात साधारण १२० दिवस फडात असते, म्हणजे अटीच्या दीडपट. तिला मिळणारी रजा मात्र शून्य दिवस. उलट एखादा दिवस चुकला तर तो ‘खाडा’ धरला जातो आणि खाड्यापोटी पाचशे रुपये कापले जातात.

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की धुळे-सोलापूर महामार्गावर पाली लागते. बिंदुसरा प्रकल्प इथलाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या टोळ्या हलतात तेव्हा याच महामार्गाने ट्रक आणि ट्रॅक्टर दक्षिणेकडे उतरतात. ट्रॉलीत पत्रे, बांबू, पाण्याची पिंपे, चुली, शेरड्या आणि त्यावर बसलेली माणसे. कुणी सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांना जाते, कुणी थेट कर्नाटकात. याच रस्त्यालगतच्या गावांत जिल्हा परिषदेची शिक्षिका असते, अंगणवाडी सेविका असते, बँकेतली कारकून असते आणि ऊसतोडीला जाणारी बाईही असते. या चौघींच्या रजा शेजारी शेजारी मांडल्या की चित्र स्पष्ट होते.

शिक्षिकेला १८० दिवसांची प्रसूती रजा. त्याशिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत केव्हाही घेता येईल अशी १८० दिवसांची बालसंगोपन रजा. अंगणवाडी सेविकेचे मानधन तुटपुंजे असले तरी तिला १८० दिवसांची भरमानधन प्रसूती रजा आहे. बँकेतल्या कारकून बाईला २६ आठवडे. ऊसतोड करणाऱ्या बाईसाठी उरते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. ही मदतही गर्भारपणाची नोंद, तपासणी आणि लसीकरण यांच्या टप्प्यांवर मिळते. नोंद एका गावात, सातवा महिना दुसऱ्या जिल्ह्यात आणि बाळंतपण तिसरीकडे, असे ज्यांचे वर्ष आहे त्यांचा एखादा टप्पा चुकायला वेळ लागत नाही.

दिवसांच्या कसोट्या

रजेचा हक्क देणारा प्रत्येक कायदा आधी कामाचे दिवस विचारतो. हंगाम १५ नोव्हेंबर ते मार्चअखेर धरला तर तो सुमारे १३५ दिवसांचा होतो. त्यातले १२० दिवस प्रत्यक्ष कामाचे मानून एकेक कसोटी लावून पाहू.

प्रसूती लाभ (आधी १९६१ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता): ८० दिवस हवेत. बाई उत्तीर्ण.

कर्मचारी राज्य विमा योजना, प्रसूती लाभासाठी: आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवस. उत्तीर्ण.

याच योजनेतला आजारपणाचा लाभ: सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस. हंगाम दोन कालावधींत विभागला जात नसेल तर इथेही उत्तीर्ण. हा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो.

कारखाने अधिनियम, १९४८ मधील भरपगारी वार्षिक रजा: वर्षात २४० दिवस काम. अनुत्तीर्ण, तेही निम्म्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ही अट १८० दिवसांवर आणली. तरीही ६० दिवस कमी पडतात.

ताडून पाहायला बाहेरची एक कसोटीही घेऊ. कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेसाठी अमेरिकेने १९९३ मध्ये कायदा केला. त्यात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी राखून ठेवावी लागते. अट आहे बारा महिन्यांत १,२५० तास कामाची. फडात दिवस पहाटे सुरू होतो आणि मोळ्या गाडीत भरून झाल्याशिवाय संपत नाही. बारा तासांचा दिवस धरला तर १,२५० तास भरायला १०५ दिवस लागतात. ज्या देशात भरपगारी रजेची सक्तीच नाही, त्या देशाच्या तासांच्या अटीतही ही बाई बसते.

थोडक्यात, प्रसूती आणि आजारपण या दोन्हींसाठी कायद्याला जितके काम अपेक्षित आहे तितके ती करते. तिचे घोडे दिवसांवर अडत नाही.

कोयत्याचे खाते

ऊसतोडीत मजुरीचा हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जोडप्याच्या नावावर असते, म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावावर, आणि ती हंगामाआधीच मुकादमाकडून घेतलेली असते. उसाचे टन मोजले जातात, उचलीतून वजा होत जातात, आणि पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत फिटले नाहीत तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. या वहीत बाईचे वेगळे पान नसते. जिच्या हजेरीची नोंदच नाही तिच्या गैरहजेरीची मात्र होते, आणि ती कोयत्याच्या खात्यावर पडते.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य सहकारी साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात मजुरीचा करार झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ठरलेली ही वाढ ३४ टक्के होती: टनाला साधारण २७३ रुपयांवरून साधारण ३६६ रुपये. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तर जोडप्याची दिवसाची मजुरी ७३२ रुपये, बाईच्या वाट्याला ३६६.

आता एका खाड्याचा हिशेब करू. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, अशी कामाची घडी असते. बाई बसली की पुरुषाचेही काम मोडते. बुडालेली मजुरी ७३२ आणि दंड ५००, मिळून १,२३२ रुपये. पाळीच्या काळात महिन्याला दोन दिवस बसावे लागले आणि हंगाम पाच महिन्यांचा असेल, तर दहा खाडे होतात. दहा खाडे म्हणजे १२,३२० रुपये. दुसऱ्या शब्दांत, हंगामभरातले सतरा दिवसांचे काम.

नवऱ्याचेही तेच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळाच्या जन्मानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या पुरुषाला कायद्याने काहीच नाही. फडात तर कोपीत, म्हणजे झोपडीत, तापाने फणफणलेल्या मुलाजवळ आईने थांबायचे की बापाने, याने हिशेबात फरक पडत नाही. कुणीही थांबले तरी खाडा कोयत्याचाच. म्हणून मुले आजी-आजोबांकडे गावात ठेवायची, किंवा सोबत नेऊन थोरलीने धाकट्याला सांभाळायचे, हे दोनच मार्ग उरतात. तिसरा मार्ग म्हणून शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे एक आणि मुलींचे एक. योजना गरजेची आहे, पण ती शाळेच्या वयाच्या मुलांची सोय करते. अंगावर पिणाऱ्या बाळाची सोय आईच्या रजेतच असते.

‘पिशवी काढली’

रजा नसली की माणूस रजेची गरजच संपवायला बघतो. बीड जिल्ह्यात बायका ज्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात त्या शस्त्रक्रियेच्या आकड्यांकडे या नजरेने पाहावे लागते.

एप्रिल २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. त्यानंतर विधिमंडळात सरकारने सांगितले, की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे महिन्याला सरासरी १२८. जून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती होती. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. प्रमाण १६.८ टक्के, सहा बायकांमागे एक.

हे दोन आकडे अनेकदा एकत्र कालवले जातात. ४,६०५ हा ठरावीक तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा आहे, आणि त्यात साऱ्या जिल्ह्यातल्या बायका येतात. १३,८६१ ही वर्षानुवर्षे साठत आलेली संख्या आहे, आणि ती फक्त ऊसतोड महिलांची आहे. एकातून दुसरा वजा करता येत नाही. ताडायचेच असेल तर प्रमाण ताडावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के आणि देशात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत एक नाही, तरी राज्याच्या सहापटीहून मोठी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.

एवढी तफावत केवळ खाड्यामुळे आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. लवकरचे लग्न आणि पंचविशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे हे एक कारण. कोपीजवळ ना पाणी, ना संडास, त्यातून होणारे संसर्ग आणि अंगावरून जाणे हे दुसरे. कर्करोगाची भीती घालून थेट शस्त्रक्रियेकडे ढकलणारे खासगी दवाखाने हे तिसरे. पण ही कारणे ज्या कोंडीत येऊन मिळतात ती पैशांची आहे. खासगी दवाखान्यातला खर्च ३०,००० रुपये धरा. हंगामाला १२,३२० रुपयांचे खाडे वाचणार असतील तर तो खर्च अडीच हंगामांत ‘वसूल’ होतो. ज्या घरात सगळे गणित उचलीभोवती फिरते तिथे हा सौदा आतबट्ट्याचा वाटत नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड काम करायचे नसते, ही बाब या गणितात धरलीच जात नाही. कमी वयात गर्भाशय, आणि त्याबरोबर अंडाशयही गेले तर पुढे हाडे, सांधे आणि हृदय यांवर होणारे परिणामही त्यात नसतात.

२०१९ नंतर बीडमध्ये एक चांगला बदल झाला. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हंगामाआधी आणि हंगामानंतर महिलांची तपासणी सुरू झाली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे साऱ्या राज्यांना लागू करायला सांगितली. तरीही २०२५ मध्ये पुढे आलेल्या आरोग्य विभागाच्या नोंदी बघा: जिल्ह्यातून गेलेले ऊसतोड कामगार सुमारे १.७५ लाख, त्यात महिला सुमारे ७८,०००. गर्भाशय काढलेल्या ८४३. त्यांतल्या ४७७ जणी ३० ते ३५ वयाच्या. रक्तक्षय असलेल्या ३,४१५. आणि गरोदरपणात फडात राबलेल्या १,५२३.

शेवटचा आकडा रजेच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा आहे. परवानगीच्या नियमाने दवाखान्याच्या दारावर पहारा बसवला. ज्या कारणासाठी बाई त्या दारापर्यंत येते त्याला या नियमाने हात लावलेला नाही.

मालक कोण?

दिवस भरतात, काम होते, मजुरी ठरते, करारही होतात. मग रजा अडते कुठे? ती अडते मालकाच्या नावावर.

कारखाना तोडणी आणि वाहतुकीचा करार ठेकेदाराशी करतो. ठेकेदार मुकादमाशी करतो. मुकादम जोडप्याला उचल देतो. पहिला करार कागदावर असतो, शेवटचा बहुतेक वेळा तोंडी. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसदरातून वळता होतो. त्यामुळे कारखाना म्हणतो कामगार ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी स्वतःच टोळीतला माणूस, आणि शेतकरी म्हणतो माझ्या उसाचा दरच मला पुरत नाही. प्रसूती लाभाचा कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू आहे. उसाचा फड यांपैकी नेमका कशात बसतो, हे जोवर कुणी ठामपणे ठरवत नाही तोवर ८० दिवसांची अट पूर्ण करूनही बाई कायद्याबाहेरच राहते.

दुसरी अडचण कायद्यातच लिहिलेली आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ हंगामी कारखान्यांना लागू होत नव्हता. हंगामी कारखान्यांची जी यादी त्यात होती तिच्यात सरकी काढणे, शेंगा फोडणे, चहा, कॉफी यांच्याबरोबर साखर आणि गूळही होता. म्हणजे आजारपणात ९१ दिवस आणि बाळंतपणात २६ आठवडे आधार देणारी देशातली सर्वांत मोठी व्यवस्था साखरेच्या धंद्याला पहिल्यापासून वगळून उभी आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांची ही सूट कायम आहे. १९४८ मध्ये हंगामी उद्योग म्हणजे चार महिने धुराडे पेटवून बंद होणारी गिरणी असेल. आज साखर कारखान्यांना जोडून वीजप्रकल्प आहेत, आसवनी आहेत, इथेनॉल आहे. उद्योग बारमाही झाला, कामगारापुरता तो अजून हंगामीच आहे.

ही गाठ सुटणारच नाही, असे मात्र नाही. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर हजेरीपटावर रोजंदारी करणाऱ्या बायकांनी प्रसूती रजा मागितली तेव्हा पालिकेनेही हेच सांगितले होते, की या कायम नोकर नाहीत. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. रोजंदारीवर असली तरी कष्टाचे काम करणाऱ्या बाईला प्रसूती लाभ कायद्याचे संरक्षण आहे, असा निकाल दिला. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने प्रसूती रजेला स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग मानले. दिल्लीतल्या आणि बीडमधल्या बायकांमध्ये कष्टाचा फरक नाही; फरक हजेरीपटाचा आहे. तिथे पटावर नाव होते. इथे नुसता कोयता आहे.

पैसे किती लागतील?

रजेचा विषय निघाला की पहिली हरकत खर्चाची येते: कारखाने आधीच डबघाईला, शेतकऱ्याची रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम थकलेली, त्यात हा नवा बोजा कुणी उचलायचा? तर बोजा मोजूनच बघू. गृहीतके अशी: बाईची दिवसाची मजुरी ३६६ रुपये, राज्याचे गाळप दहा कोटी टन. गेल्या काही हंगामांत ते साडेआठ कोटी ते तेरा कोटी टनांच्या दरम्यान राहिले आहे.

प्रसूती रजा, बीड जिल्हा: १,५२३ महिला, १८२ दिवस, ३६६ रुपये. एकूण १० कोटी १५ लाख. दहा कोटी टनांवर पसरले तर टनाला एक रुपया.

प्रसूती रजा, सारे राज्य: राज्यात ऊसतोड कामगार आठ ते दहा लाख असल्याचे सांगितले जाते. वरचा आकडा घेऊन बीडच्या प्रमाणात वाढवले तर ५८ कोटी. टनाला पाच रुपये ऐंशी पैसे.

आजारपणाची रजा, सारे राज्य: बाई असो की पुरुष, दहा लाख कामगारांना हंगामात पाच भरपगारी दिवस, म्हणजे महिन्याला एक. १८३ कोटी. टनाला अठरा रुपये तीस पैसे.

एकूण २४१ कोटी, टनाला सुमारे २४ रुपये. कामगार आठ लाखच धरले तर १९ रुपये.

याच्या शेजारी दोन आकडे ठेवा. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला, टनामागे ३,५५० रुपये आहे. २४ रुपये म्हणजे त्याच्या ०.६८ टक्के. आणि त्याच उताऱ्याने एका टनातून साखर निघते १०२.५ किलो. २४ रुपये त्यावर वाटले की किलोमागे येतात सुमारे २४ पैसे. हंगामाबाहेरची बाळंतपणे सुटली असतील म्हणून गरोदर महिलांचा आकडा दुप्पट केला, तरी खर्च किलोला ३० पैशांच्या आत राहतो. गाळप पडलेल्या वर्षी तो थोडा वर जाईल, चांगल्या वर्षी खाली येईल. बीडच्या ज्या टोळ्या कर्नाटकात जातात त्यांचा वाटा तिथल्या गाळपावर पडायला हवा. त्याच कर्नाटकात ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संघटित क्षेत्रातल्या महिलांसाठी वर्षाला १२ दिवसांची भरपगारी पाळी रजा मंजूर केली आहे. कारखान्याच्या कार्यालयात बसणाऱ्या महिलेला ती लागू होईल, त्याच कारखान्याचा ऊस तोडणारीला होणार नाही.

दुसरी तुलना विम्याची. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. टनाला ३६६ रुपये मजुरीवर मालकाचा वाटा होतो ११ रुपये ९० पैसे. म्हणजे हंगामी कारखान्यांची सूट काढली आणि तोडणी कामगार योजनेत आला, तर टनामागे बारा रुपयांत बाळंतपण, आजारपण आणि दवाखाना तिन्ही येते.

आणि तिसरी तुलना आधीच वसूल होत असलेल्या पैशांची. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. दहा कोटी टनांवर हे दोनशे कोटी होतात. २४१ कोटींची सगळी रजा त्यात बसत नाही. पण राज्यभरची प्रसूती रजा त्यात बसते आणि वर १४२ कोटी उरतात. निधी कमी पडतो म्हणून प्रसूती रजा नाही, हे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही. प्रसूती रजा नाही, कारण ती देण्याची जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही.

नमुना घरचाच आहे

मालक एक नसेल तर रजा द्यायची कशी, हा प्रश्न महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच सोडवला आहे. हमाल आज एका गाळ्यावर पोती उतरवतो, उद्या दुसऱ्या. त्याचाही कायम मालक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मंडळ दिले. काम करून घेणारा व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि रजेचा पगार देते. हमालाची हजेरी मंडळाकडे असते, व्यापाऱ्याच्या मर्जीवर नसते. बांधकाम मजुरांचेही तसेच. उपकरातून चालणारे मंडळ नोंदणी झालेल्या कामगार महिलेला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये देते. रक्कम पुरेशी नसेल, पण हक्क म्हणून ती मागता येते.

त्याही मागे गेले तर देशात प्रसूती लाभाचा पहिला कायदा मुंबई प्रांतानेच १९२९ मध्ये केला. त्याआधी १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०००चा मातृत्व संरक्षण करार याच तत्त्वावर आहे: किमान १४ आठवडे रजा, किमान दोन तृतीयांश मजुरी, आणि खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. खर्च एकट्या मालकावर पडला की मालक गरोदर बाईलाच कामावर घ्यायचे टाळतो, हा धोका ऊसतोडीत दुप्पट आहे. तिथे बाई नको म्हणजे तिच्याबरोबर कोयताही नको. म्हणून रजेचा पैसा मुकादमाच्या खिशातून न येता टनावरच्या लेव्हीतून यायला हवा.

यासाठी तीन गोष्टी पुरतात. एक, बाईची हजेरी तिच्या स्वतःच्या नावावर लागावी आणि मजुरीचा निम्मा वाटा तिच्या बँक खात्यात जावा. ८० दिवस सिद्ध करायला दुसरा पुरावा नाही. दोन, रजेपुरता तरी कारखाना हाच मुख्य मालक मानला जावा, कारण उसाचे वजन त्याच्याच काट्यावर होते आणि पैसे त्याच्याच हिशेबातून सुटतात. तीन, खाड्याचा दंड बेकायदा ठरवून तो घेणाऱ्या मुकादमाचा करार रद्द व्हावा.

ऊसतोड कामगारांचा मजुरीचा करार ठरावीक वर्षांनी नव्याने होतो. संप होतो, बैठका होतात, टक्क्यांवर ओढाताण होते आणि शेवटी टनाचा दर वर्तमानपत्रात ठळक छापून येतो. आजवरच्या वाटाघाटी दर, कमिशन आणि वाहतूक यांभोवतीच फिरल्या आहेत. पुढच्या करारात दराच्या ओळीखाली रजेची ओळ आली, तर तिची किंमत किती हे आता दोन्ही बाजूंना माहीत आहे. २०२४ मध्ये मजुरीत टनाला ९३ रुपयांची वाढ बसली आणि तरीही कारखान्यांची धुराडी पेटली. त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त पैशांत दहा लाख माणसांना आजारी पडण्याचा आणि बाळंत होण्याचा हक्क मिळतो.